शस्त्रक्रियेच्या अलीकडे आणि पलीकडे

आज ११ एप्रिल. नांदेडला, लातूरला, उदगीरला, देगलूरला आज चौकाचौकांत महात्मा जोतीराव फुले यांच्या प्रतिमेला हार पडतील, संध्याकाळी मिरवणुका निघतील. जोतीरावांच्या जन्माआधी बहात्तर वर्षे, याच तारखेला, लंडनच्या हॉक्स्टन भागात जेम्स पार्किन्सन जन्मले. आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात त्या आजाराला पुढे त्यांचे नाव मिळाले, आणि म्हणून जगभर आजचा दिवस पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. तारखा जुळल्या हा योगायोग. पण या दोघांना एका दिवशी आठवावे असे त्यांच्यात बरेच काही होते.

पार्किन्सन हे मजुरांच्या वस्तीत औषध देणारे डॉक्टर. ‘ओल्ड ह्युबर्ट’ या टोपणनावाने ते पत्रके छापत. पगारवाढीसाठी एकत्र येणाऱ्या कामगारांना तुरुंगात टाकू नका, असे ते त्यांत लिहीत. १७९४ साली राजाच्या जिवावर उठलेल्या एका कथित कटाच्या चौकशीत त्यांना प्रिव्ही कौन्सिलपुढे उभे राहून शपथेवर जबानी द्यावी लागली. अशा माणसाने १८१७ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, थरथर आणणाऱ्या लकव्यावर एक लहानसा निबंध लिहिला. त्यात सहा माणसांचे वर्णन आहे. त्या सहांपैकी तिघे त्यांच्या दवाखान्याची पायरी चढलेच नव्हते. दोघे रस्त्यात भेटले, एकाला तर त्यांनी केवळ लांबून पाहिले. वाकलेले अंग, पुढे पुढे झेपावणारी बारीक पावले, थांबू म्हटले तरी न थांबणारा हात. हा आजार जगात पहिल्यांदा नीट ओळखला गेला तो यंत्राने नव्हे. रस्त्याने जाणाऱ्या माणसाकडे कुणीतरी लक्ष देऊन पाहिले, म्हणून ओळखला गेला.

जोतीरावांना १८८८ साली पक्षाघात झाला आणि उजवी बाजू गेली. तो आजार वेगळा. पण हात ऐकेनासा झाला म्हणजे काय होते, हे त्यांनी सोसले, आणि डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पुरे केले. आज राज्याची आरोग्य योजना त्यांच्याच नावाने चालते. २ जुलै २०१२ रोजी ती पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा तिचे नाव राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना होते, आणि त्या आठांत नांदेड होते. म्हणून पार्किन्सन दिनाचा विचार दिल्ली-मुंबईने करावा आणि आपण वाचावा, असे आम्हाला वाटत नाही. तो इथून, नांदेड-लातुरातून व्हायला हवा.

आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी असे एक गुरुजी असतात. तीस-पस्तीस वर्षे फळ्यावर टपोरे अक्षर काढलेले. निवृत्त झाल्यावर चार-सहा वर्षांत त्यांची सही बारीक होत जाते. ओळीच्या सुरुवातीला अक्षर बरे असते, शेवटाला मुंगीएवढे होते. बँकेत पैसे काढायच्या स्लिपवरची सही जुन्या सहीशी जुळत नाही, खिडकीतून स्लिप परत येते. चालताना एक हात हलत नाही, अंगाला चिकटून राहतो. खांदा धरला म्हणून हाडाच्या डॉक्टरकडे फेऱ्या होतात, शेक घेऊन होतो, मलम चोळून होते. घरात फोडणी करपली तरी त्यांना वास येत नाही. रात्री झोपेत ते ओरडतात, हातपाय झाडतात. मग कुणी म्हणते बाहेरचे काही आहे, आणि उशाशी अंगारा येतो. चेहरा असा गोठतो की नातवंडे आईला विचारतात, आजोबा रागावलेत का? या सगळ्यानंतर कधीतरी, बसल्या जागी, अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरू लागते. जपमाळ ओढावी तसे. कप उचलायला गेले की थरथर थांबते, मांडीवर हात ठेवला की पुन्हा सुरू. बघणारे म्हणतात, “वय झालं आता.”

‘वय झालं’ या दोन शब्दांनी मराठवाड्यात या आजाराची जेवढी वर्षे वाया घालवली आहेत, तेवढी दुसऱ्या कशानेही नसतील. पहिली थरथर दिसते तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेल्या, डोपामिन तयार करणाऱ्या काळ्या पेशींपैकी निम्म्याहून अधिक मेलेल्या असतात. म्हणजे आपण पाहतो तेव्हाच उशीर झालेला असतो. त्यावर आपण आणखी चार वर्षे बसून राहतो.

इथेच एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्या गावच्या मेडिकलच्या काउंटरवर घडते. चक्कर येते म्हणून दिलेली सिनारिझिनसारखी गोळी आणि उलटी थांबायची काही औषधे म्हाताऱ्या माणसाने महिनोन्महिने घेतली, तर हुबेहूब कंपवातासारखी थरथर आणि ताठरपणा येऊ शकतो. जुनी चिठ्ठी दाखवायची, तीच पट्टी आणायची, असे वर्षभर चालते. ही गोळी डॉक्टरला विचारून बंद केली की पुष्कळांची लक्षणे हळूहळू ओसरतात. अशा माणसाला ना मेंदूची शस्त्रक्रिया लागते ना जन्मभराचे औषध. लागतो तो फक्त गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतून बघणारा डॉक्टर.

खऱ्या कंपवाताला औषध आहे आणि ते चांगले आहे. खाजकुहिली आपल्याला माहीत आहे. पोरे एकमेकांच्या मानेवर टाकतात ती. आयुर्वेदात तिच्या बिया, म्हणजे कपिकच्छू, कंपवातावर देत आले. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या दोन रसायनशास्त्रज्ञांनी या बियांतून लेव्होडोपा वेगळा करून दाखवला. तो मेंदूच्या कामाचा आहे, हे मात्र त्यानंतर वीस वर्षांनी स्वीडनच्या अर्विड कार्लसन यांच्या प्रयोगांतून पुढे आले. त्यांना २००० साली नोबेल मिळाले. मोठ्या मात्रेत लेव्होडोपा देऊन माणसे खाटेवरून उठून चालू लागतात, हे १९६७ साली जॉर्ज कोट्झियास यांनी दाखवले. आज तोच लेव्होडोपा कार्बिडोपासोबत ‘सिंडोपा’सारख्या गोळीतून घरोघर पोचला आहे. देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत तो आहे.

पण ही गोळी वेळेची मोठी पक्की आहे. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी लागते. दुधाबरोबर, वरण-भाताबरोबर किंवा अंड्याबरोबर घेतली तर प्रथिने तिची वाट अडवतात आणि ती पुरी लागू होत नाही. पहिली काही वर्षे ती दिवसभर पुरते. मग एका गोळीचा जोर चार तासांवरून तीन, तीनवरून दोन तासांवर येतो. घरातले म्हणू लागतात, गोळी चढली, गोळी उतरली. चढलेली असते तेव्हा माणूस उठून अंगणात जातो, कधी अंग नको तितके वेडेवाकडे हलते. उतरली की संडासच्या दारातच पाय जमिनीला खिळतात. पुढची गोळी कधी, याकडे घड्याळ बघत दिवस जातो. डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत खोलवर विजेची हलकी चेतना देण्याची शस्त्रक्रिया, आहे ती या टप्प्यावरच्या माणसासाठी.

तिचा जन्म मोठा विलक्षण आहे. फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात डॉ. अलीम-लुई बेनाबिद हे थरथर थांबवण्यासाठी मेंदूतला एक लहानसा ठिपका जाळत. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना हे पाहायला सुईतून वीज सोडून बघत. १९८७ साली त्यांच्या ध्यानात आले की विजेचे ठोके सेकंदाला शंभरच्या आसपास नेले की हात थांबतो, आणि वीज बंद केली की पुन्हा थरथरतो. मग जाळायचे कशाला? तारच तिथे ठेवू. जाळलेले परत येत नाही. तारेतली वीज कमी-जास्त करता येते, बंदही करता येते. त्याच सुमारास अमेरिकेत माहलोन डिलाँग माकडांच्या मेंदूवर काम करीत होते. हालचालींच्या साखळीत सबथॅलॅमिक केंद्रक नावाची एक गाठ या आजारात बेफाम होते, असे त्यांच्या गटाला आढळले. ती गाठ जेमतेम हरभऱ्याच्या दाण्याएवढी, मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकेक. १९९३ साली ग्रनोबलमध्ये याच दाण्यात तार घातली गेली. आपल्या महाराष्ट्रात नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मुंबईच्या जसलोक हॉस्पिटलमध्ये डॉ. परेश दोशी यांनी या शस्त्रक्रियेचे काम सुरू केले. आज जगभर दोन लाखांहून अधिक माणसांच्या मेंदूत अशी तार आहे.

शस्त्रक्रियेचा दिवस कसा असतो हे रुग्णाच्या घरच्यांना कुणीतरी सविस्तर सांगायला हवे, कारण ‘डोक्याचं ऑपरेशन’ म्हटले की घराचा धीर सुटतो. आदल्या रात्रीपासून गोळ्या बंद, त्यामुळे ती रात्र फार जड जाते. सकाळी डोक्याला धातूची चौकट स्क्रूने बसवतात, एमआरआय आणि सीटी स्कॅन जुळवून त्या हरभऱ्याचा पत्ता मिलिमीटरपर्यंत काढतात. कवटीला रुपयाच्या नाण्याहून लहान भोक पाडतात. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी रुग्णाला जागे ठेवूनच हे काम होते. बारीक सुई आत सरकते तसा पेशींचा खरखराट स्पीकरवर ऐकू येतो. योग्य जागी पोचली की पत्र्यावर पाऊस वाढावा तसा आवाज भरून येतो. डॉक्टर मनगट धरून हलवतात, बोटे वाजवायला सांगतात, आकडे म्हणायला लावतात. वीज सुरू होते आणि कित्येक वर्षे ताठ असलेले मनगट त्याच मेजावर सैल पडते. हे पाहिलेले लोक ते जन्मभर विसरत नाहीत. मग सव्वा मिलिमीटर जाडीची तार पक्की करतात. ती कानामागून कातडीखालून गळ्याकडे आणि तिथून छातीवर, गळ्याच्या हाडाखाली बसवलेल्या डबीपर्यंत नेतात. डबी सेकंदाला साधारण १३० ठोके देत राहते. साध्या बॅटरीची डबी तीन ते पाच वर्षांनी बदलावी लागते. घरी चार्ज करायची असेल तर पंधरा वर्षे किंवा त्याहून जास्त चालते.

हे सगळे खरे आहे, आणि तरीही हा बरा करण्याचा इलाज नव्हे. आजार आत चालूच राहतो. थरथर, ताठरपणा, मंदपणा, गोळी चढण्या-उतरण्याचे हेलकावे यांत मोठा फरक पडतो, पुष्कळांच्या गोळ्या निम्म्यावर येतात. तोल जाणे, बोलणे पुटपुटते होणे, घास अडकणे, विसरणे यांवर तिचा जोर चालत नाही. बोलणे कधी आणखी बिघडतेही. शंभरात एक-दोघांना मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, काहींना तारेच्या किंवा डबीच्या जागी जंतुसंसर्ग होतो. शिवाय ती सर्वांसाठी नाही. ज्याला लेव्होडोपाच्या गोळीने चांगला गुण येतो, पण तो टिकत नाही. ज्याची स्मृती शाबूत आहे. ज्याचे वय साधारण सत्तर-पंचाहत्तरच्या आत आहे, अशालाच ती द्यावी असे जाणकार सांगतात. दहा रुग्णांत असा एखाद-दुसरा निघतो. २०१३ साली जर्मनी आणि फ्रान्समध्ये मिळून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात २५१ रुग्ण होते, त्यांचे सरासरी वय बावन्न आणि आजार सरासरी साडेसात वर्षांचा. त्या टप्प्यावर शस्त्रक्रिया झालेल्यांचे जगणे नुसत्या औषधावर राहिलेल्यांपेक्षा स्पष्टपणे सुधारले.

बावन्न वर्षे. आमच्याकडे बावन्नाव्या वर्षी खांदा शेकून घेणे चालू असते. अठ्ठावन्नाव्या वर्षी कंपवाताचे नाव पहिल्यांदा कानावर येते. पासष्टीत गोळ्यांची वेळ बसते, बहात्तरीत कुणीतरी मुंबईच्या शस्त्रक्रियेची बातमी दाखवते, आणि तेव्हा डॉक्टर सांगतात, आता उशीर झाला. खिडकी उघडी होती तेव्हा आपण तिच्याकडे पाठ करून बसलो होतो.

म्हणून आमचे म्हणणे असे. या इलाजाचा जो भाग वर्तमानपत्रात छापून येतो, तो मधला भाग आहे. सकाळी चौकट बसवण्यापासून संध्याकाळी टाके पडेपर्यंतचा. तो मुंबईत होवो, पुण्यात होवो, हैदराबादला होवो. दिवसभराचा प्रश्न आहे. देवगिरी एक्स्प्रेस नांदेडहून एका बाजूला मुंबईला जाते, दुसऱ्या बाजूला सिकंदराबादला, आणि निझाम इन्स्टिट्यूटचे रुग्णालय ज्या हैदराबादेत आहे, तिथली वाट आपल्या माणसांना निजामाच्या राज्यापासूनच्या ओळखीची आहे. एक दिवस, एक आठवडा माणूस कुठेही जाऊन येईल. प्रश्न त्या दिवसाच्या अलीकडच्या दहा वर्षांचा आणि पलीकडच्या पंधरा वर्षांचा आहे. ती पंचवीस वर्षे माणूस नांदेडमध्ये, लातूरमध्ये, अहमदपुरात, मुखेडमध्ये काढतो.

पलीकडची वर्षे म्हणजे काय? शस्त्रक्रियेनंतर दोन-चार आठवड्यांनी डबी सुरू करतात आणि मग वीज जुळवण्याचे काम सुरू होते. कुठल्या टोकातून, किती जोराची, किती ठोक्यांची. सतार सुरात लावावी तसे हे काम आहे. एकदा लावून भागत नाही. पहिल्या सहा महिन्यांत वारंवार जावे लागते, बरोबरीने गोळ्या कमी-जास्त करायच्या असतात. लातूरच्या रुग्णाने दर वेळी रात्रभर बसून मुंबई गाठायची, दिवसभर रांगेत थांबायचे, वीस मिनिटे वीज जुळवून घ्यायची आणि पुन्हा रात्रभर बसून यायचे. बरोबर मुलगा येणार, म्हणजे त्याचे दोन दिवसांचे काम गेले. तीन-चार फेऱ्यांनंतर पुष्कळ घरे थकतात आणि ‘चाललंय तेवढं बरं’ म्हणून थांबतात. डबी छातीत, तार मेंदूत, खर्च डोक्यावर, आणि वीज मात्र अर्धवट जुळलेली. ही जुळवणी दुरून, इंटरनेटवरून करता येईल असे तंत्र आता आले आहे. मेंदूतले ठोके स्वतः मोजून वीज कमी-जास्त करणाऱ्या यंत्राला अमेरिकेत २०२५ साली मान्यता मिळाली. पण दूरच्या तज्ज्ञाला जवळचा हात लागतोच. मनगट धरून बघणारे, रुग्णाला चालवून पाहणारे माणूस नांदेडलाच लागेल.

आणि एक धोका असा, की तो प्रत्येक फिजिओथेरपिस्टच्या भिंतीवर लावून ठेवावा. ज्याच्या मेंदूत ही तार आहे त्याला डायथर्मीच्या यंत्राचा शेक देता कामा नये. तार तापते, मेंदू भाजतो. अशाने परदेशात माणसे दगावली आहेत. आपल्याकडे गुडघा दुखला, पाठ धरली की पहिला उपाय शेक हाच असतो. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाने तार-डबीची नोंद असलेले कार्ड सतत खिशात ठेवावे आणि घरच्यांनी ते विचारले नाही तरी दाखवावे. चार्जिंगची डबी असेल तर विजेच्या वेळापत्रकाकडेही लक्ष लागते. बॅटरी अचानक संपली तर जुना आजार काही तासांत अंगावर येऊ शकतो, आणि अशा वेळी काय करायचे हे जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या रात्रीच्या डॉक्टरला माहीत असायला हवे.

पैशाचे बोलायलाच हवे. यंत्र आणि शस्त्रक्रिया मिळून साधारण आठ-दहा लाखांपासून पंधरा लाखांच्या पुढेही खर्च जातो, आणि त्यातला मोठा वाटा परदेशी कंपन्यांच्या यंत्राचा असतो. फुले योजनेची मर्यादा आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख आहे. सोयाबीनच्या भावावर संसार चालवणाऱ्या घराने उरलेले कुठून आणायचे? २०१७ साली केंद्राने हृदयातल्या स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली, त्याच वर्षी गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांनाही घातली, आणि किमती एकदम खाली आल्या. हृदयाला आणि गुडघ्याला जो न्याय लागला तो मेंदूला लागावा, ही मागणी आपल्या खासदारांनी संसदेत मांडायला हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचे नाव स्पष्टपणे आहे. म्हणजे प्रमाणपत्र मिळवण्याचा हक्क आहे. तो रुग्णाला ठाऊक नसतो आणि कित्येकदा कार्यालयातल्या माणसालाही नसतो.

मग अलीकडे-पलीकडे करायचे कुणी? नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून आहे, आता ते विष्णुपुरीला आहे; लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था २००२ पासून. या दोन ठिकाणी आठवड्यातला एक दिवस कंपवाताचा म्हणून ठरवावा. त्या दिवशी न्यूरोलॉजिस्ट, मेडिसिनचा डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि बोलणे-गिळणे शिकवणारा तज्ज्ञ एका ओळीत बसावेत. लेव्होडोपाच्या गोळीचा पुरवठा ग्रामीण रुग्णालयापर्यंत तुटू नये. शस्त्रक्रियेला योग्य असलेला रुग्ण इथेच निवडून पुढे पाठवावा आणि परत आल्यावर त्याची जुळवणी इथेच व्हावी. याला नवी इमारत लागत नाही.

असे होणार नाही म्हणणाऱ्यांनी लातूरचाच इतिहास पाहावा. १९६६ साली लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. जिल्हा व्हायला सोळा वर्षे अवकाश होता. तेव्हा तिथे येऊन डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय उभे केले. २०१९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. मोठा इलाज मोठ्या शहरातच होतो, हे त्यांनी तेव्हा मानले नाही.

आणि आज या दोन शहरांसारखी डॉक्टर घडवायची ओढ महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे आहे? लातूरच्या उद्योग भवन परिसरात, नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगरात पहाटेपासून नीटच्या क्लासला निघालेली हजारो मुले दिसतात. पाठीवर सॅक, हातात चहाचा कागदी कप. ती मुले अकरावीच्या जीवशास्त्रातली न्यूरॉनची आकृती डोळे मिटून काढतात. ज्या घराच्या वरच्या खोलीत ती राहतात त्या घरातल्या आजोबांचा हात खाली ओसरीवर थरथरत असतो. त्यांच्यातली काही उद्या न्यूरोलॉजिस्ट होतील आणि पुण्यात, हैदराबादेत, अमेरिकेत स्थायिक होतील. त्यांना दोष द्यायचा नाही. त्यांना परत यावेसे वाटेल असा एक विभाग आपण इथे उभा केला आहे का, हा प्रश्न आपला आहे.

‘कंप’ हा शब्द लातूर जिल्ह्यात जपून उच्चारावा लागतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर किल्लारीत, सास्तुरात जग धावून आले, पडलेली गावे नव्याने वसली. हा दुसरा कंप एकेका घरात, एकेका हातात येतो. बातमी होत नाही, मदतीचा ट्रक निघत नाही. त्या घरात धावून जाणारी असते ती एक बाई. बायको, सून, कधी लेक. रात्री कूस बदलायला उठवणे, सदऱ्याची बटणे लावणे, घास बारीक करणे, गोळीच्या वेळा सांभाळणे. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णाला ‘शुभार्थी’ म्हणते आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’. शब्द सुंदर आहेत, आणि या मंडळाने त्या शब्दांमागे खरी माणसे उभी केली आहेत. रुग्ण आणि घरचे एकत्र बसतात, बोलतात, गातात. पुण्यात हृषीकेश पवार यांनी तर कंपवाताच्या रुग्णांना नृत्य शिकवले. मुंबईत डॉ. भीमसेन सिंघल यांच्या पुढाकाराने २००१ साली सुरू झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी असेच गट चालवते. पु. ल. देशपांडे यांची अखेरची वर्षे याच आजाराने ग्रासली होती, आणि १२ जून २००० रोजी ते गेले. अवघ्या महाराष्ट्राला हे माहीत आहे, तरी आपल्या घरात तो आजार आला की आपण तो हात शालीखाली झाकतो.

पुण्यात वाढलेल्या मिलेहा सोनेजी या डिझायनरने आपल्या काकांना पाहिले. सपाट फरशीवर त्यांची पावले अडत, पण जिना ते सरसर उतरत. तिने फरशीवर पायऱ्यांसारखे दिसणारे चित्र अंथरले आणि काका त्यावरून चालत गेले. लाखो रुपयांचे यंत्र आणि खडूने ओढता येतील अशा चार रेघा, दोन्ही एकाच आजारावरचे इलाज आहेत, आणि दोन्हींची सुरुवात कुणीतरी नीट पाहण्यातून झाली. आपल्याकडच्या ओसरीवर अशा आडव्या रेघा आजच ओढता येतील. खिळलेले पाऊल पुष्कळदा रेघ ओलांडायला उचलते.

२०२७ च्या ११ एप्रिलला महात्मा फुले यांच्या जन्माला २०० वर्षे पूर्ण होतात. त्या निमित्ताने पुतळे होतील, कमानी होतील, भाषणे होतील. त्यांच्या नावाच्या योजनेचा पहिला मान मिळालेल्या नांदेडने आणि शेजारच्या लातूरने त्याआधी कंपवाताचा तो एक दिवस सुरू करून दाखवावा. दार उघडे झाले की माणसे येतील. त्यांना त्या दाराकडे पाठवणारे लोक गावोगाव बसलेलेच आहेत. मेडिकलवाला चक्करच्या गोळीची पाचवी पट्टी देताना थांबू शकतो. एसटीचा कंडक्टर पाहतो की पंचाहत्तरीचे आजोबा पायरी सहज चढले, पण मधल्या सपाट वाटेत खिळले. आशाताई घरोघर जाते, तिला कुणाच्या घरात कुणाचा चेहरा बदलला हे कळते. आणि बँकेच्या खिडकीमागे बसलेली मुलगी दर महिन्याला तीच सही पाहते, दर महिन्याला थोडी बारीक झालेली. स्लिप परत करण्याआधी तिने एकदा म्हणावे, “गुरुजी, पैसे देते मी. पण येत्या आठवड्यात विष्णुपुरीला जाऊन हा हात एकदा दाखवून या.”